स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाचं हलणं-चालणं मंदावलंय : माहिती आणि अनुभव हवे आहेत

सायली_इंदूर | १४ एप्रिल, रात्री ११:०५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला सुरू झाला, आता दादा ३४ वर्षांचा आहे. कानात आवाज येणं, शेजारचे आपल्यावर पाळत ठेवतात असं वाटणं, रात्र-रात्र जागणं, हे सगळं औषधांनी बऱ्यापैकी निवळलं. त्याबद्दल डॉक्टरांचे उपकारच आहेत. पण आता जे उरलंय त्याबद्दल कोणी बोलतच नाही. दादा हलत नाही.

सकाळी उठून दिवाणावर बसतो तो जेवणाची हाक येईपर्यंत तिथेच. आंघोळीला तासभर लागतो. चालताना पावलं लहान पडतात, हात अंगाला चिकटलेले, जरासुद्धा झुलत नाहीत. चेहऱ्यावर काही उमटत नाही, त्यामुळे पाहुण्यांना वाटतं आपण आलेलं याला आवडलेलं नाही. बँकेच्या फॉर्मवर नाव लिहायला लागला की अक्षर पुढे पुढे बारीक होत जातं. हाच दादा अनंत चतुर्दशीला रात्रभर गिरण्यांच्या झांक्या (चित्ररथ) बघत पायी फिरायचा आणि पहाटे पोहे-जिलबी खाऊनच घरी यायचा.

आम्ही राजेंद्रनगरला राहतो. बाबा रिटायर झालेत, ते म्हणतात, "मनावर घेतलं तर सगळं होतं." नातेवाईक म्हणतात, बसून खातो. समोरच्या आंटी परवा आईला म्हणाल्या, "दिनभर बैठा रहता है, किसी काम पे लगा दो." दादा आतल्या खोलीत होता. त्याला ऐकू गेलं असणार, आणि तो काही बोलला नाही याचा अर्थ त्याला लागलं नाही असा होत नाही.

आधी हॅलोपेरिडॉल होतं. मग ओलान्झापिन दिलं, त्यावर वजन भराभर वाढलं आणि शुगर काठावर आली. आता रिस्पेरिडोन आणि सोबत, मुख्य गोळीचे दुष्परिणाम आवरायला, टीएचपी, म्हणजे ट्रायहेक्सिफेनिडिल.

यातलं आजारामुळे किती, गोळ्यांमुळे किती, आणि नुसतं बसून राहिल्यामुळे किती? त्याला चालतं करायचं कसं? ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी कृपया लिहा. "पॉझिटिव्ह विचार करा" असले प्रतिसाद नकोत, हात जोडून विनंती.


अनुराधा_काकू | १५ एप्रिल, सकाळी ७:२०

सायली बाळा, लोकमान्यनगरहून लिहिते आहे, म्हणजे तुझी शेजारीणच. माझी लेक बऱ्याच वर्षांपासून क्लोझापिनवर आहे. तिला ताठरपणा नाही, पण गुंगी आहे. सकाळी दहापर्यंत डोळे उघडत नाहीत. तिला सकाळी सहाला फिरायला न्यायचं म्हणजे छळ. आमच्या घरी सगळे "पहाटे उठावं, मोकळी हवा घ्यावी"वाले, त्यावरून फार कटकटी झाल्या. आम्ही संध्याकाळी जातो, ऊन उतरल्यावर. ज्या वेळी त्यांचं अंग जागं असतं ती वेळ धरायची, घड्याळाचं ऐकायचं नाही.

दुसरं म्हणजे पोट. क्लोझापिनने बद्धकोष्ठ होतं आणि ते किरकोळ समजू नये, आतडं पार थांबून जीवावर बेतू शकतं. चालण्याने त्याला मदत होते. तुझ्या दादाच्या टीएचपीनेसुद्धा पोट आणि लघवी अडते. तो आपणहून सांगणार नाही, त्याला विचार.

वजन, कमरेचा घेर, शुगर, कोलेस्टेरॉल ठरावीक काळाने बघत जा. डॉक्टर विसरले तर तू आठवण कर.


मेधा_फिजिओ | १५ एप्रिल, दुपारी २:४८

सायली, तुझा प्रश्न फार नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. औषधाबाबत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

पहिली गोष्ट बाबांना वाचून दाखव. या आजारात हालचाल बिघडते हे गोळ्या निघायच्या आधीपासून माहीत आहे. जर्मनीत कार्ल काल्बाउम याने १८७४ मध्ये कॅटाटोनियावर आख्खं पुस्तक लिहिलं. तासन्‌तास एकाच स्थितीत बसणं, अंग ताठ होणं, सांगितलेलं न करणं, हे सगळं त्यात आहे. या आजारावरचं पहिलं खरं औषध, क्लोरप्रोमझिन, पॅरिसमध्ये वापरात आलं ते १९५२ मध्ये. म्हणजे मधली पाऊणशे वर्षं हे रुग्ण एकही गोळी न घेता असेच ताठ, मंद किंवा विचित्र हालचाली करणारे दिसत होते. आजही ज्यांनी अजून औषध घेतलेलं नाही अशा काही रुग्णांत मंदपणा किंवा तोंडाच्या आपोआप होणाऱ्या हालचाली आढळतात. मेंदूचा जो भाग हालचालीची सुरुवात करून देतो, तिचा वेग ठरवतो, तोच या आजारात नीट चालत नाही.

त्यावर औषधांचा भाग येतो. डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन. ते पेशींवरच्या ज्या जागांना चिकटतं त्यांना ग्राहक (रिसेप्टर) म्हणतात, आणि ही औषधं ते ग्राहक अडवतात. भ्रम आणि आवाज त्यामुळे कमी होतात, पण हालचालीच्या केंद्रातही डोपामिनच काम करतं. पीईटी स्कॅनवरच्या (मेंदूतलं काम दाखवणारी तपासणी) अभ्यासांतून साधारण असं दिसलं आहे की ६५ टक्के ग्राहक अडले की आजारावर गुण दिसायला लागतो, आणि ८० टक्क्यांच्या जवळ गेलं की ताठरपणा सुरू होतो. मधली पट्टी अरुंद आहे. डोस थोडासा इकडेतिकडे केल्याने माणूस बदलल्यासारखा का दिसतो, ते यावरून कळेल. हॅलोपेरिडॉलमध्ये हा त्रास जास्त, रिस्पेरिडोनमध्ये डोस वाढेल तसा वाढतो, क्वेटियापिन आणि क्लोझापिनमध्ये अगदी कमी.

तू लिहिलेलं न झुलणारे हात, लहान पावलं, बारीक होत जाणारं अक्षर, कोरा चेहरा, हे वाचून मला औषधाने येणारा पार्किन्सनिझम, म्हणजे पार्किन्सनच्या आजारासारखा ताठरपणा आणि मंदपणा, डोळ्यांसमोर येतो. तो तपासून बघायलाच हवा, कारण त्यावर उपाय असतो.

आणि तिसरा भाग आजाराच्या त्या लक्षणांचा, ज्यांना डॉक्टर निगेटिव्ह सिम्प्टम्स म्हणतात. आतून उठायची प्रेरणाच तयार होत नाही. यात आणि पार्किन्सनिझममध्ये फरक करणं अवघड असतं, बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात. ढोबळ खूण सांगते. त्याला एखादी आवडती गोष्ट करायची आहे, तो उठतोही, पण अंग साथ देत नाही, खुर्चीतून उठायला दोन-तीन झोके घ्यावे लागतात, वळताना थांबत-थांबत वळतो, तर औषधाचा संशय जास्त. उठल्यावर हालचाल मोकळी आहे, पण उठावंसंच वाटत नाही, तर दुसरी बाजू. नैराश्यही असू शकतं, तेही विचारून घे.

एक काम कर. मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढ : खुर्चीतून उठणं, दारापर्यंत जाणं, वळणं, परत येऊन बसणं. दादाला विचारून, त्याला कशासाठी ते सांगून. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तो दाखव. ओपीडीत पाच मिनिटांत रुग्ण खुर्चीवर बसलेलाच दिसतो, चालताना कोणी बघत नाही.


मालवा_काका | १५ एप्रिल, सायंकाळी ६:१५

ताई, माझं वय ७२. मनापासून सांगतो, राग मानू नका. या सगळ्या गोळ्या म्हणजे विष आहे. आपल्या ओळखीतल्या एका मुलाच्या गोळ्या बंद केल्या, प्राणायाम आणि सूर्यनमस्कार सुरू केले, सहा महिने उत्तम होता. शरीर हललं की मन आपोआप हलतं. तुम्हीही करून बघा.


केमिस्ट_दादा | १५ एप्रिल, रात्री ९:३०

काका, तुमचा हेतू चांगला आहे, पण हा सल्ला वाचून कोणी गोळ्या बंद केल्या तर घर उद्ध्वस्त होईल, म्हणून स्पष्ट लिहितो. गोळी बंद केल्यावर काही महिने बरं जाणं नेहमीचंच आहे. आजार उलटतो तो नंतर, आणि प्रत्येक उलटण्यानंतर माणूस पूर्वीच्या जागी येईलच असं नसतं. अचानक बंद केल्याने तोंडाच्या आणि हातापायांच्या नको त्या हालचाली उफाळूनही येतात.

योगासनांचा उपयोग नाही असं कोणीच म्हणत नाही. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत यावर नीट काम झालंय. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ६१ रुग्णांचे दोन गट केले होते, एकाला योग, दुसऱ्याला नेहमीचा व्यायाम, चार महिने. योगाच्या गटात निरुत्साहासारखी लक्षणं जास्त सुधारली. पण औषधं दोन्ही गटांत चालूच होती. योग औषधाच्या जोडीला होता, त्याच्या जागी नव्हता.


मालवा_काका | १५ एप्रिल, रात्री ९:५२

जोडीला म्हणत असाल तर माझी हरकत नाही. त्या मुलाचं पुढे काय झालं ते मी चौकशी करून लिहितो.


मंदार_बडोदा | १६ एप्रिल, रात्री १२:४०

मी बडोद्याचा. मला स्वतःला स्किझोफ्रेनिया आहे. अशा धाग्यांवर नेहमी आई, बहीण, बायको लिहितात, म्हणून आतून कसं असतं ते सांगतो.

माझा त्रास सायलीताईंच्या दादाच्या उलटा होता. औषध बदललं आणि काही दिवसांत मला बसताच येईना. पायांत एक अशी तगमग की उठून चालावंच लागतं, चाललं की क्षणभर बरं, थांबलं की परत. जेवताना तीनदा उठायचो. झोपायला आडवं झालं की पाय झाडायचे. घरच्यांना वाटलं आजार वाढला. तिथल्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी डोस वाढवला, त्याने तगमग दुप्पट झाली. त्या दिवसांत मला जगू नये असं वाटायचं. आवाजांमुळे कधी तसं वाटलं नव्हतं.

याला अकॅथिझिया म्हणतात हे दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. डोस उतरवला, प्रोप्रॅनोलॉल दिलं, हळूहळू अंग निवांत झालं. घरात कोणी येरझाऱ्या घालत असेल, बसल्याजागी पाय हलवत असेल, तर "आज फार अस्वस्थ आहे" एवढ्यावर सोडू नका. त्याला विचारा, अस्वस्थ मन आहे की पाय? माझ्याकडे याचं उत्तर होतं, प्रश्न कोणी विचारला नव्हता.

आता चालण्याबद्दल. मी कमाटीबागेत जातो. सुरुवात फार कठीण होती. सायलीताई, तुमचा दादा बसून असतो तेव्हा त्याच्या डोक्यात "उठायचं" असं येतच नसेल असं समजू नका. येतं. ते डोक्यातून पायापर्यंत पोचत नाही. "ऊठ, चल, किती वेळ बसलास" हे ऐकलं की ते आणखी अडतं. मला माझ्या मावसभावाने बाहेर काढलं. तो काही बोलायचा नाही. चपला घालून दारात उभा राहायचा आणि माझ्या चपला माझ्यासमोर ठेवायचा. मी नाही म्हटलं तर ठीक, दुसऱ्या दिवशी परत तसाच.

रस्ता रोज तोच लागतो मला. नवीन वाट, गर्दी, ओळखीचे लोक हाका मारतात ते नको. एका कानात रेडिओ लावतो, त्याने आवाज मागे पडतात. दुसरा कान रहदारीसाठी मोकळा. आणि कृपा करून घरी आल्यावर टाळ्या वाजवू नका. मी ३७ वर्षांचा आहे.


अनुराधा_काकू | १६ एप्रिल, सकाळी ६:५५

मंदार, बेटा, चपलांचं मी आजच करून बघते. शेवटचं वाक्य वाचून आमच्या घरी काय बंद करायला हवं तेही कळलं.


ग्वाल्हेरकर_लष्कर | १७ एप्रिल, दुपारी १:१०

तोंडाच्या हालचालींचा उल्लेख वर आला म्हणून लिहितो. माझ्या धाकट्या काकांनी आयुष्यभर जुनी औषधं घेतली. आता जीभ सतत तोंडात फिरते, ओठ चावल्यासारखे हलतात. लग्नाच्या पंगतीत लोक समजतात तंबाखू चघळताहेत. त्यांनी तंबाखूला कधी हात लावला नाही. आता ते कुठल्या कार्याला येतच नाहीत.

हे टार्डिव्ह डिस्कायनेशिया. औषध घेऊन काही महिने, बहुधा काही वर्षं उलटली की येतं. आपलं आपल्याला कळतही नाही, काकांना आरशात दाखवल्यावर समजलं. टीएचपी यावर उपयोगी पडत नाही, उलट वाढवू शकते. आम्हाला डॉक्टरांनी टेट्राबेनाझिन दिलंय, फरक आहे, पण पूर्ण गेलेलं नाही. तिकडे अमेरिकेत २०१७ मध्ये यासाठी दोन नव्या औषधांना मान्यता मिळाली, व्हॅलबेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन.

हे लवकर दिसलं तर थोपवता येतं. त्यासाठी एआयएमएस नावाची साधी तपासणी असते. चेहरा, जीभ, हात, पाय, धड क्रमाने बघतात, दहा मिनिटं लागतात, यंत्र काही नाही. सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा ती व्हावी. आमच्या काकांची इतक्या वर्षांत एकदाही झाली नव्हती. तुमच्या डॉक्टरांकडे नाव घेऊन मागा.


केमिस्ट_दादा | १८ एप्रिल, सकाळी १०:०५

उन्हाळा तोंडावर आहे, म्हणून हे वेगळं लिहितो.

टीएचपीने घाम कमी येतो. आजाराच्या मुख्य औषधांनीही शरीराचं तापमान सांभाळण्यात अडथळा येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, त्यात असा माणूस दुपारी चालायला काढला तर उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. तहान लागल्याचंही अनेकांना जाणवत नाही. सकाळी आठच्या आत किंवा दिवस मावळल्यावर चाला, सोबत पाण्याची बाटली ठेवा, डोक्यावर टोपी-गमछा असू द्या. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू असेल तर पाणी-मीठ जास्तच सांभाळायचं, अंगातलं पाणी कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं.

ताप, अंग लाकडासारखं ताठ, घाम, भान हरपल्यासारखं बोलणं, हे एकत्र दिसलं तर ते नुसतं ऊन लागणं नसेल. औषधाची दुर्मीळ पण जीवघेणी प्रतिक्रिया असू शकते. पुढची गोळी द्यायची नाही, थेट इमर्जन्सी गाठायची, गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यायची. नवं औषध किंवा इंजेक्शन सुरू केल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत मान वाकडी होणं, डोळे वर चढणं, जबडा आवळणं हेही होतं, तरुण मुलांत जास्त. बघणाऱ्याचा थरकाप होतो, लोक बाहेरची बाधा समजून भलतीकडे नेतात. दवाखान्यात एका इंजेक्शनने बहुतेकदा थोड्याच वेळात सुटतं.

सिगारेट-बिडीचंही सांगून ठेवतो. ओलान्झापिन किंवा क्लोझापिन घेणाऱ्याने व्यायामाच्या उत्साहात बिडी एकदम सोडली तर रक्तात औषधाचं प्रमाण वाढतं, गुंगी वाढते. सोडावीच, पण डॉक्टरांना सांगून, म्हणजे ते डोस जुळवतील.


निनाद_विजयनगर | १९ एप्रिल, रात्री ८:४५

किती व्यायाम करायचा याचा काही आकडा आहे का? माझ्या मेव्हण्याला जिम लावून दिली, चार दिवस गेला आणि बंद. पैसे वाया. की यांना जमतच नाही?


मेधा_फिजिओ | १९ एप्रिल, रात्री १०:३०

जमतं, निनाद. जिम लावून देणं आणि सोबत जाणं यात फार अंतर आहे. या रुग्णांच्या व्यायामाच्या अभ्यासांत, शिकवणारा प्रशिक्षित माणूस समोर असेल तिथे सोडून जाणारे कमी असतात, हे पुन्हा पुन्हा दिसलंय.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला प्रौढांसाठी असा : आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. पण तो आकडा घेऊन सायलीच्या दादासमोर उभं राहू नका. यंत्र लावून मोजलं तेव्हा सायकोसिस (भ्रम होणं, आवाज येणं असे आजार) असलेले लोक जागेपणी दिवसाचे जवळपास ११ तास बसून असतात असं दिसलं. त्यामुळे पहिलं उद्दिष्ट व्यायाम नसून बसण्यात खंड पाडणं हे असावं. पाण्याचा ग्लास स्वतः उठून घेणं. गच्चीवर कपडे वाळत घालणं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणं. मग हळूहळू मिनिटं वाढवा.

पार्किन्सनिझम असेल तर एक युक्ती कामी येते. आतून हालचाल सुरू होत नसेल तर बाहेरून ठेका द्यावा. टाळी, मोजणं, ढोलकीचा ताल असलेलं गाणं, फरशीवर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्या. पायाला त्या ठेक्याचा आधार मिळतो आणि पाऊल मोठं पडतं. खुर्चीतून उठायचा सराव, भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, हात मुद्दाम झुलवणं, हे घरी होतं. तोल जात असेल तर एकट्याने नको.

मेंदूवरही परिणाम होतो का, असं लोक विचारतात. २०१० मध्ये एका जर्मन गटाने तीन महिने व्यायामाची सायकल चालवायला लावली, आठवड्यात तीनदा, अर्धा-अर्धा तास, आणि स्मरणशक्तीशी जोडलेला हिप्पोकॅम्पस हा भाग रुग्णांत १२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना दिसलं. बातमी खूप गाजली. पण सायकल चालवणारे रुग्ण आठच होते आणि पुढच्या सगळ्या अभ्यासांत तसं आढळलं नाही. मी त्यावर भिस्त ठेवत नाही. माझं कारण साधं आहे. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा सरासरी १० ते २० वर्षं आधी जातात आणि त्यात हृदयविकाराचा वाटा फार मोठा आहे. ज्याचे आवाज आपण मोठ्या कष्टाने शांत केले तो पन्नाशीत हार्ट अटॅकने जाऊ नये, यासाठी चालायचं.


सायली_इंदूर | २९ मे, रात्री १०:१५

उशिरा लिहिते आहे, पण तुम्ही सगळ्यांनी जे दिलंत ते एकेक करून वापरलं.

व्हिडिओ काढला. दादाला आधी सांगितलं, कशासाठी ते. तो म्हणाला, "काढ, मलाही बघायचंय." बघून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबांनाही दाखव." बाबांनी पाहिला. ते काही बोलले नाहीत, पण भेटीच्या दिवशी स्वतः रिक्षा आणायला गेले.

डॉक्टरांनी व्हिडिओ दोनदा पाहिला, मग दादाचं मनगट आणि कोपर वाकवून ताठरपणा बघितला, चालवलं, लिहायला लावलं. औषधाने आलेला पार्किन्सनिझम आहे, आणि त्याच्याखाली आजाराचा निरुत्साहही आहे, असं म्हणाले. रिस्पेरिडोन थोडं कमी केलं. टीएचपी इतकी वर्षं चालू ठेवायची गरज आहे का ते टप्प्याटप्प्याने बघू म्हणाले, कारण तिनेही तोंड कोरडं पडतं आणि लक्षात राहत नाही. जमलं नाही तर औषध बदलू. आवाज परत येताहेत का यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. मी दादालाच सांगितलं, तूच लक्ष ठेव आणि मला सांग. एआयएमएस मागितली, झाली, तोंडाच्या हालचाली नाहीत. ग्वाल्हेरकर, तुमच्यामुळे.

आता रात्री जेवणानंतर कॉलनीच्या बगीच्यापर्यंत जातो. चपला समोर ठेवायचं काम बाबा करतात. रोज होत नाही. काही दिवस तो नाही म्हणतो, मग बाबा एकटेच चक्कर मारून येतात. डावा हात थोडा झुलायला लागलाय असं मला वाटतं, आईला वाटत नाही. अक्षर मात्र मोठं झालंय, हे तिलाही मान्य आहे.

समोरच्या आंटींना मी सांगितलं, "आंटी, ये आलस नहीं है, दवाई से शरीर अकड़ जाता है." त्या म्हणाल्या, "हमको किसी ने बताया ही नहीं, बेटा." बोलण्यात खोट नव्हती.


मालवा_काका | ३० मे, सकाळी ८:००

त्या मुलाची चौकशी केली. हिवाळ्यात त्रास उलटला, दोन महिने दवाखान्यात होता. आता परत गोळ्यांवर आहे. बाकीच्यांनी वाचावं म्हणून इथे लिहून ठेवतो. सूर्यनमस्कारही चालू आहेत त्याचे.


स्मिता_सुदामानगर | २ जून, दुपारी ४:२०

धागा आजच वाचला. तातडीचं आहे. माझी नणंद तीन दिवसांपासून जवळजवळ बोलत नाही, खात नाही. उभी राहिली की तासभर तशीच उभी. हात वर केला तर वरच राहतो. सासूबाई म्हणतात रुसली आहे. काय करू?


मेधा_फिजिओ | २ जून, दुपारी ४:३१

स्मिता, हे रुसणं नाही, कॅटाटोनिया असू शकतो. आजच दवाखान्यात न्या, उद्यावर नको. न खाता-पिता एका जागी राहिल्याने किडनीवर परिणाम होतो, पायात रक्ताची गाठ होऊ शकते. एम.वाय. हॉस्पिटलची इमर्जन्सी २४ तास उघडी असते. "तीन दिवस खाणं-बोलणं बंद, हात ठेवला तसाच राहतो" हे याच शब्दांत सांगा. लोराझेपाम या औषधाने पुष्कळ जण लवकर मोकळे होतात, गरज पडली तर ईसीटीही (भूल देऊन करतात ते विजेचे उपचार) चांगली लागू पडते, नाव ऐकून घाबरू नका. ताप आहे का बघा, असेल तर ते सर्वांत आधी सांगा. कोणाशी बोलायचं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, पण फोनवर थांबून वेळ घालवू नका.


स्मिता_सुदामानगर | २ जून, रात्री ११:५०

भरती केलंय. इंजेक्शन दिल्यावर तासाभराने पाणी मागितलं तिने. सासूबाई तिच्याजवळ आहेत. बाकी नंतर लिहिते.


सायली_इंदूर | ५ जून, रात्री ९:४०

स्मिता, कळवत राहा. सुदामानगर आमच्यापासून लांब नाही, डबा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, संकोच नको.

अनुराधा काकूंशी फोनवर बोलले. पाऊस सुरू होऊन हवा निवली की रविवारी संध्याकाळी पिपलियापाल्याच्या रीजनल पार्कमध्ये दोन-चार घरांनी एकत्र चालायचं ठरतंय. ज्यांना आजार आहे ते आणि घरचे, दोघंही. कोणी कोणाला प्रश्न विचारायचे नाहीत, कोणी मध्येच घरी गेलं तर चालेल. दादाला विचारलं, तो म्हणाला गर्दी नसेल तर येतो.


निनाद_विजयनगर | ५ जून, रात्री १०:०२

मेव्हण्याला विचारतो. यावेळी मीही बरोबर येईन. आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना जमेल का?


अनुराधा_काकू | ६ जून, सकाळी ७:०५

आणा की. माझेही दुखतात. आम्ही दोघी बाकावर बसू आणि चपला-पिशव्या सांभाळू. पाण्याच्या बाटल्या प्रत्येकाने आपापल्या आणा.